टाचेला टक

सोमवार, २ फेब्रुवारी

सव्वीस वर्षं डोंगर चढणाऱ्यांचे बूट दुरुस्त करणारा माणूस पडला कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. बल्ब बदलताना! उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. घरी आल्यापासून आमचे हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. दुखतंय कमी आणि लाजच जास्त वाटतेय, मला काय कळत नाही?

आणि नेमका हंगाम ऐन भरात. थंडी आहे तोवर डोंगरावर माणूसच माणूस. खालचं दुकान सहा आठवडे बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळणार, आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. म्हणून मी म्हटलं, मी बसते. हे ताडकन उठून बसले.

"तू? तू पडदे शिवतेस."

"मग? सुईदोरा तोच ना?"

"सुईदोरा तोच गं. पण पडदा उसवला म्हणून कुणी दोनशे फुटांवरून खाली येत नाही."

हे बाकी खरं. तरी उद्यापासून मीच बसणार. ह्यांची अट एकच, रोज काय केलं ते लिहून ठेवायचं. कुठला बूट, कुठला गोंद, किती वेळ वाळवला. त्यासाठी ही वही दिलीय. बुटांचं पुढून लिहीन, माझं मागून.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

दुकान म्हणजे घराच्या खालची एक खोली. एक बाक, एक खुर्ची, कातड्याचं शिलाई मशीन, तळवे घासायचं चाक, आणि भिंतीवर मापामापाची लाकडी पावलं टांगलेली. समोरच्या खिडकीत सबंध डोंगर. डावीकडून खडकाळ दांडा वर चढत जातो, उजवीकडे सरळसोट कडा.

ह्या डोंगरावर दोन भावक्या आहेत आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही, हे मला आज कळलं. दांड्यावरून दोराशिवाय, हातापायांनी खडकाला धरत जातात ते चौपाये. कड्याला दोर लावून चढतात ते दोरवाले. दोरवाले म्हणतात, चौपाये काय, वाकून चालणारेच. चौपाये म्हणतात, दोरवाले दिवसभरात चाळीस फूट चढतात आणि आठवडाभर त्याचंच सांगत बसतात. दोघंही आपापले बूट माझ्यापुढे टाकून दुसऱ्याच्या बुटांना नाकं मुरडून गेले. चौपायांचे बूट जाडजूड, कडक. दोरवाल्यांचे पातळ, चिंचोळे, पुढून वाकलेले. हे बूट बघून माझीच बोटं आखडली.

गोंद दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं असतं. चिकटतोय का बघायला मी बोट लावलं. चिकटला. वरून ह्यांचा आवाज, "गोंद वाळला का?" मी म्हटलं, "वाळतोय." दोन बोटं एकमेकांना धरून बसली होती, पण ते कशाला सांगा.

शनिवार, ७ फेब्रुवारी

गुरुवारी ड्रॉइंगच्या बाई आल्या होत्या. मोठ्या शाळेत चित्रकला शिकवतात, उंचनिंच बाई, बोलणं तोडून टाकणारं. अंगठ्याखालचं रबर झिजलं होतं तेवढं बदलायला बूट टाकून गेल्या. दोरवाल्या आहेत, बेकरीवाला त्यांचा दोर धरतो.

बूट हातात घेतले आणि मापाची पट्टी लावून बघितली. बाईंचा पाय माझ्याहून चांगला दोन मापं मोठा, आणि बूट लहान पोरीचे वाटावेत असे! मागच्या वेळी रबर दाबताना ह्यांच्याकडून तापले असणार आणि आटले असणार. बिचारी बाई भिडेपोटी काही बोलली नसेल. रबर बदललं, मग आतून ओलं फडकं फिरवलं, लाकडी पाऊल ठोकून बसवलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. टाचसुद्धा मस्त सैल झाली. वर ह्यांना सांगितलं नाही. चूक ह्यांची, उगीच दुखण्यात आणखी मन कशाला दुखवायचं?

आज बाई घाईत येऊन बूट पिशवीत टाकून गेल्या. घालून बघितले असते तर मला दुवा दिला असता. उद्या चढताना कळेलच.

रविवार, ८ फेब्रुवारी

कळलं.

संध्याकाळी दार धाडकन उघडलं. ड्रॉइंगच्या बाई, मागे बेकरीवाला. बाईंनी बूट बाकावर आपटले.

"काय केलंत हे?"

"सैल केले," मी म्हटलं. तोपर्यंत मी हसतच होते हो!

"मुद्दाम दोन मापं लहान घेतलेत मी! सगळे घेतात! ह्या बुटांना माझ्या पायासारखं व्हायला सात वर्षं लागली. सात!"

मग बेकरीवाल्याने सांगितलं. कड्याच्या मध्यावर एक फुगवटा पुढे आलेला आहे, त्याला हे लोक नाक म्हणतात. बाई चार वर्षं त्या नाकाच्या मागे आहेत. प्रत्येक थंडीत तिथूनच परत. आज इतका सुरेख दिवस, दगड कोरडा, बाई फुगवट्याखाली पोचल्या, टाच अडकवून वर ओढलं, आणि पाय आला, बूट तिथेच राहिला. बाई दोरावर लोंबकळताहेत, एक पाय उघडा, आणि वर कपारीत त्यांचा बूट एकटा नाक चढतोय. एवढं सांगताना बेकरीवाल्याला हसू आवरेना. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो रस्त्यावर जाऊन हसला.

हे जिन्यावरून खाली आले. सगळं ऐकलं होतं. बाईंची माफी मागितली, नवीन जोडी मागवतो म्हणाले. बाई म्हणाल्या, नवीन जोडी पायात मुरायला महिने जातात. पंधरा दिवसांत नाकावर ऊन यायला लागेल, मग दगड तापतो, की गेली गोष्ट पुढच्या थंडीवर. आणि गुडघा म्हणतोय पुढची थंडी विसरा.

"उद्यापासून दुकान बंद," हे मला म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, अगदी हळू म्हणाले.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण जीभ कुठली गप्प बसायला! म्हटलं, "एक आठवडा द्या. सैल मी केलेत, घट्टही मीच करीन."

बाईंनी मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "उद्या सकाळी सहाला दांड्याच्या पायथ्याशी या. हेच बूट घालून. आधी चढून बघा, मग शिवा."

सोमवार, ९ फेब्रुवारी

जिवंत आहे. मांड्या नाहीत, बाकी सगळी आहे.

ह्यांची जुनी पँट, वर नाडी आवळलेली, आणि पायात बाईंचे बूट. त्यांना सैल तर मला महासैल. दांड्याची सुरुवात सोपी आहे. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? मग खडक उभा राहायला लागला. डावा हात, उजवा पाय, उजवा हात, डावा पाय. एका बाजूला आमची गल्ली काड्यापेटीएवढी, दुसऱ्या बाजूला बघू नका म्हणाल्या, म्हणून बघितलं. बघायला नको होतं.

अर्ध्यावर सासूचा उंबरा लागतो. छातीएवढी पायरी, पाय ठेवायला बोटभर कड, ओलांडल्याशिवाय पुढे प्रवेश नाही. मी कडेवर पाय ठेवला, जोर दिला. पाय बुटाच्या आतल्या आत फिरला.

"काय होतंय ते सांगा," बाई वरून.

"टाच सुटतेय!"

"आणि?"

"आणि मला घरी जायचंय!"

"आणखी काय होतंय? नीट सांगा."

मी कपाळ खडकाला टेकवून नीट बघितलं. बोटं जागेवर होती. चवडा जागेवर होता. फक्त टाच रिकामी, आणि टाच रिकामी म्हणून सगळा पायच पोरका. तीनदा घसरले. चौथ्यांदा पोटावर, गुडघ्यावर, हनुवटीवर, जे मिळेल त्यावर वर आले. सासूने घरात घेतलं एकदाचं.

माथ्यावर पोचल्यावर मी मोठमोठ्याने हसायला लागले, थांबताच येईना. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. "पहिल्यांदा असंच होतं," म्हणाल्या. त्याही थोड्या हसल्या, म्हणजे ओठ हलले.

उतरताना बसून बसून आले. पँटची सीट गेली. ह्यांना अजून दाखवलेली नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस बूट लहान साच्यावर चढवून ओढतेय. कातडं एकदा सैल झालं की लाडावलेल्या जावयासारखं, जागचं हलत नाही. आज दुपारी एकदम सुचलं. पोलकं पाठीत सैल झालं तर आपण काय करतो? टक घालतो! चवडा आहे तसा ठेवायचा, टाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक टक घालायचा, शिवण बाहेरच्या बाजूला काढायची म्हणजे पायाला टोचणार नाही, आणि वरून टाचेची रबरी पट्टी ताणून चिकटवायची. झालं!

वर जाऊन सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला, डावा.

"बुटाला टक? बूट साच्यावर ओढतात गं, त्याला टक घालत नाहीत. सव्वीस वर्षांत ऐकलं नाही."

"सव्वीस वर्षांत तुम्ही कधी टाच सैल करून ठेवली होती?"

"मी कशाला करीन!"

"मग तुम्हाला कसं माहीत असेल?"

"कर काय करायचं ते, मला विचारू नकोस," म्हणून परत भिंतीकडे वळले. ती भिंत आता ह्यांना ओळखायला लागली असेल.

घाबरलेय मी. टक उसवला तर बाईंची टाच परत सुटणार, आणि मी तर दुकानात परत पाऊल टाकायच्या लायकीची राहणार नाही. आणि मला तिथे बसायला आवडायला लागलंय. लिहिलं बाई एकदाचं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

जुन्या फेकायच्या बुटावर चार वेळा करून बघितलं, मग बाईंचा हातात घेतला. टाचेचं रबर तापवून सोडवलं, खडूने खुणा केल्या, तिरके दोन टक धरले. मशीनखाली घ्यायला हात धजेना. तेवढ्यात जिना वाजला. हे खाली आले, डाव्या हाताने दिवा उचलून बुटाजवळ धरला.

"टीप बारीक घाल," म्हणाले. "आणि शेवटाला दोनदा उलटी फिरव."

मी घातली. हाताने ओढून बघितली, पक्कडीने ओढून बघितली, मग ह्यांनी बूट खुर्चीच्या पायात अडकवून जोर लावला. खुर्ची सरकली, टीप हलली नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळपासून खिडकीत. एका चौपायाने दुर्बीण ठेवली होती दुरुस्तीच्या बुटांबरोबर, ती आम्ही आलटूनपालटून ओढली. मला जरा मिळाली की हे म्हणणार, "बघू, बघू," आणि एकदा घेतली की देणार नाहीत.

साडेदहाला बाई नाकाखाली. एवढुशा, लाल टोपी. थांबल्या. हात वर गेला, परत आला. मी देवाला म्हटलं, चूक माझी आहे, बाईंवर राग काढू नकोस. मग त्यांनी पाय उचलला, टाच वर अडकवली. माझी टाच! म्हणजे माझा टक! सगळं अंग त्या टाचेवर ओढून घेतलं, आणि लाल टोपी फुगवट्याआड गेली.

"पडल्या?" मी ओरडले.

ह्यांच्याकडे दुर्बीण होती. मी बाही ओढली. मग म्हणाले, "वर आहेत." आणि मग आमचे हे, जे आमच्या लग्नातसुद्धा हसले नव्हते, त्यांनी खिडकीतून डोकं काढून असा काही आरडाओरडा केला की समोरचा न्हावी साबण लावलेलं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.

संध्याकाळी बाई आल्या. बेकरीवाल्याने मोठा केक आणला होता, त्यावर साखरेचं नाक. बाईंनी बूट माझ्यासमोर ठेवले. "हललीसुद्धा नाही टाच," म्हणाल्या. मग पिशवीतून सरावाची जोडी काढून, "दुसऱ्या जोडीलाही घालून द्या."

मंगळवार, ३ मार्च

लिहायला फुरसतच नाही. सगळ्या दोरवाल्यांना टक हवाय. ज्यांना नकोय त्यांनाही हवाय. काल एक चौपाया जाडजूड बूट घेऊन आला, म्हणे मलाही एक घाला. म्हटलं, अहो, ह्या बुटात टक घालायचा तर लोहार आणावा लागेल.

"कानामागून आली आणि तिखट झाली," हे म्हणतात, पण गिऱ्हाइकांना टक दाखवताना स्वतःच पुढे होतात.

मी सोमवारचं दांड्यावर जाते. फक्त काम तपासायला. काल सासूचा उंबरा दुसऱ्या झटक्यात ओलांडला. आता मला तिथपर्यंत जायला काही कारण नाही खरं तर, पण बूट चालतोय कसा ते बघावं लागतं ना. पुढच्या सोमवारी बाई कड्याच्या सोप्या बाजूला दोर लावणार आहेत, तिथलंही तपासायला हवं.

प्लास्टर निघायला दोन आठवडे राहिले. वर सोळा पडदे कापून पडलेत, सरळ टिपा, आणखी सरळ टिपा. त्यांच्याकडे बघितलं की जांभई येते. पण दुकान ह्यांचं आहे, खुर्ची एकच आहे, आणि मी सहा आठवड्यांपुरतीच म्हटलं होतं. शब्द म्हणजे शब्द. ह्यांच्याकडे अवाक्षर काढणार नाही.

सोमवार, १६ मार्च

प्लास्टर निघालं. मी येते म्हटलं तर, "तू तुझी डोंगरावर जा," म्हणून हे एकटेच डॉक्टरांकडे गेले. परत आले ते हात छातीशी धरून. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण अजून महिनाभर जड काम नाही, शिलाई तर नाहीच.

ऐकून मला आनंद झाला. चक्क आनंद! नवऱ्याचा हात दुखतोय आणि बायको खूश. इतकी लाज वाटली की ह्यांना चहात दोन चमचे साखर जास्त घालून दिली.

गुरुवार, २६ मार्च

हे घरात फार मदत करतात हल्ली. स्वयंपाकही करतात. आज कांदा इतका बारीक चिरला होता की मी विचारलं, डाव्या हाताने? म्हणाले, सवय झाली. कौतुक वाटलं. दुपारी फळीवरून गोंदाचा डबा घसरला तो ह्यांनी वरच्या वर उजव्या हाताने झेलला. नशीब, सांडला नाही. मग बराच वेळ मनगट चोळत बसले, बिचारे.

आणि मी किती दमते पाहा! सोळा पडद्यांतले अकरा शिवून झालेत आणि मी ते कधी शिवले मला आठवत नाही. दोनतीन तर नक्की मीच केले होते, बाकीचे अर्धवट झोपेत उरकले असतील. टिपा मात्र सुरेख पडल्यात, माझ्याहून सरळ.

मंगळवार, ७ एप्रिल

हंगाम सरला. आता दुरुस्तीचा ढीग. दुपारी चाकावर तळवा घासत होते, समोर कुणीतरी बूट ठेवले. वर बघते तर हाडांचे डॉक्टर. तेही चौपाये आहेत, मला माहीत नव्हतं.

"मालक कुठेत?"

"वर. हात अजून बरा नाही ना."

"बरा नाही?" डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं मी त्यांना, अगदी पहिल्यासारखा झालाय, लागा कामाला. जितकं काम कराल तितका हात सुटेल. उद्या पाठवा त्यांना."

डॉक्टर गेल्यावर मी चाक थांबवलं. मग दुकानाचं दार लोटलं आणि वर गेले. माझं पडद्यांचं मशीन चालू होतं. हे पाठमोरे, सोळावा पडदा, उजव्या हाताने कापड पुढे सारत, तोंडाने शीळ. सव्वीस वर्षांत शीळ ऐकली नव्हती मी ह्यांची.

"दाखवा हात," मी म्हटलं.

मशीन थांबलं. त्यांनी गुपचूप हात पुढे केला. मी मनगट दाबलं, पिरगाळलं. हूं की चूं नाही.

"तीन आठवडे खोटं बोललात माझ्याशी! मी रोज तुम्हाला जपतेय, पिशवी उचलू देत नाही, चहात साखर घालतेय! का?"

हे पडद्याच्या काठाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मी येऊन बसलो असतो, तर तू उठली असतीस."

मी पडदा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आणि उठून एक अक्षर बोलली नसतीस," म्हणाले. "तुझी भाजी करपते ना, तेव्हा तू सगळ्या गल्लीला ऐकवतेस. पण जे खरंच हवं असतं ते कधी मागत नाहीस. मग मी काय करणार? मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि तुमचं दुकान?"

"आहे की. तू बैस. मी सकाळचे तळवे लावून देत जाईन, मग वर येईन. मला हे आवडतंय गं. सरळ जायचं, काठ आला की थांबायचं. डोक्याला ताप नाही."

इतका राग आला होता आणि इतकं भरून आलं होतं की काय करावं कळेना. रडले असते तर ह्यांना वाटलं असतं, चुकलंच आपलं. म्हणून पडद्यांच्या चळतीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "वाकडे शिवलेत."

"वाकडे? कुठला?" हे टेप घेऊन धावलेच, एकेक पडदा दोन्ही हातांनी झटकून उजेडात धरून बघायला लागले.

एकही वाकडा नव्हता. मला फक्त तोंड पुसायला तेवढा वेळ हवा होता.